पंप सुरू केला, रिपोर्ट सुधारला, पण टेस्टमध्ये दम जास्त लागला. असं कसं?

इचलकरंजीकरीण

नमस्कार मंडळी. या विभागात मी नुसती वाचणाऱ्यांतली. आज मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही, कारण घरात दोन तट पडलेत.

मी मूळची इचलकरंजीची, आता कॅनडात हॅमिल्टनला असते. वय ४३. एका गोदामात कामाला आहे, खोकी उतरवायची, लेबलं लावायची, रॅकवर चढवायची. माहेरी मागच्या खोलीत यंत्रमाग होते, त्यामुळे खोकला घरात सगळ्यांनाच, कुणी त्याचं विशेष काही मानलं नाही. आईला दमा होता हे मात्र ठाऊक होतं. तिचा निळा पंप देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असायचा आणि पाहुणे आले की ती तो पदराखाली धरून स्वयंपाकघरात जायची. मला स्वतःला दमा असेल असं कधी डोक्यातही आलं नाही. जिना चढताना मध्ये थांबायचे, ते वयाच्या आणि वजनाच्या नावावर खपून जायचं.

गेल्या हिवाळ्यात रात्रीचा खोकला काही केल्या जाईना. फॅमिली डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी, करवली, ती जवळजवळ नॉर्मल आली. मग मेथाकोलीन चॅलेंज टेस्ट सांगितली. ज्यांनी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि श्वासनळ्या मुद्दाम आवळवणाऱ्या मेथाकोलीन या औषधाचं धुकं दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घेत ओढायचं. मग जोरात फुंकायचं. मग दुप्पट तीव्रतेचं धुकं, परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, वीस टक्क्यांनी घसरेपर्यंत हेच. प्रत्येक पायरीला तिथली मुलगी एक पुठ्ठा समोर धरायची. त्यावर ० ते १० आकडे. श्वासाला आत्ता किती त्रास होतोय, बोट ठेवा. ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे जोराचा, १० म्हणजे कमाल.

पहिल्या टेस्टला सुरुवातीची फुंक २.३१ लिटर. ०.५ मिलिग्रॅमच्या धुक्याला १७ टक्के घसरली, मी बोट ठेवलं ०.५ वर. १ मिलिग्रॅमला २८ टक्के घसरली, १.६६ लिटर. मी बोट ठेवलं १ वर. त्या मुलीने माझ्याकडे दोनदा बघितलं आणि लगेच नळ्या उघडणारं सालब्युटामॉल दिलं. मला वाटलं, एवढी काय घाई, मी तर मजेत आहे. रिपोर्टमध्ये पीसी२० आलं ०.६. दमा आहे असं निदान झालं आणि बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप सुरू झाला, २०० मायक्रोग्रॅम सकाळी, २०० रात्री.

रात्रीचा खोकला गेला. जिन्यावर थांबणं गेलं. हिवाळा संपेपर्यंत मी पंप चुकवला नाही. मग परवा तीच टेस्ट परत झाली. सुरुवातीची फुंक २.६२. २ मिलिग्रॅमला १५ टक्के घसरण, बोट २ वर. ४ मिलिग्रॅमला २३ टक्के घसरण, २.०२ लिटर, आणि या वेळी छाती अशी आवळली की मी बोट थेट ४ वर ठेवलं. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. ती मुलगी म्हणते, पीसी२० आता ३.१, फार छान सुधारणा! मी तिच्याकडे बघतच राहिले. इथे माझा जीव वर-खाली होतोय आणि हिला सुधारणा दिसतेय.

दादाला फोनवर सांगितलं तर तो एकदम, "बघ, आधी काही होत नव्हतं. स्टेरॉइड घ्यायला लागलीस आणि दम लागायला लागला. आता शरीराला त्याची सवय झाली." नवऱ्याचं म्हणणं, मशीन खोटं बोलत नाही. मी मध्ये.

तर प्रश्न असा, की श्वासाच्या स्टेरॉइडने टेस्टमधला दम वाढू शकतो का? आणि विश्वास कशावर ठेवायचा, मशीनच्या आकड्यावर की माझ्या छातीवर?

मृगाचा_पाऊस

ताई, रागावू नका, पण तुमचे दादा बरोबर बोलतायत. एकदा पंप लागला की सुटत नाही. आमच्या काकांनी सगळं बंद केलं आणि मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत माशातलं औषध घेऊन आले. सोबत अडुळसा, ज्येष्ठमध. शेवटी शरीराचं शरीराला कळतं. छाती आवळली म्हणजे आवळली, मशीनला काय कळतंय.

फुंकणीवाली

ताई, मी पुण्यात पीएफटी लॅबमध्ये, म्हणजे फुप्फुसांच्या तपासण्या होतात तिथे, असते. "फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून" असं दिवसभर ओरडून संध्याकाळी घरी माझा आवाज निघत नाही. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, तेव्हा पंप कमी-जास्त करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. पण तुमचे आकडे वाचून राहवलं नाही. इतके व्यवस्थित आकडे पेशंटकडून क्वचित मिळतात.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बसवताय आणि तिथेच घोळ होतोय. एक, श्वासाच्या नळ्या किती आवळल्या. ते मशीन सांगतं, लिटरमध्ये. दोन, ते आवळणं तुम्हाला किती जाणवलं. ते तुमचं बोट सांगतं. या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नसतं. वीस टक्के घसरणीला एक पेशंट पुठ्ठ्यावर अर्ध्यावर बोट ठेवतो आणि दुसरा सातावर. दोघंही खरं सांगत असतात.

आता तुमचा रिपोर्ट. पीसी२० म्हणजे एफईव्ही१ वीस टक्क्यांनी पाडायला किती तीव्रतेचं मेथाकोलीन लागलं तो आकडा, मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये. ढोबळ हिशेबात १६ च्या वर नॉर्मल, ४ ते १६ काठावर, १ ते ४ सौम्य, १ च्या खाली नळ्या चांगल्याच चिडक्या. तुम्ही ०.६ वरून ३.१ वर आलात. आम्ही हे दुपटीत मोजतो. ०.६ चे १.२, १.२ चे २.४, आणि वर थोडं. म्हणजे दोन दुपटींहून जास्त. एका दुपटीपर्यंतचा फरक तर एकाच माणसाची टेस्ट दोन वेगळ्या दिवशी केली तरी पडू शकतो. त्यामुळे एक दुपट असती तर मी गप्प बसले असते. दोनच्या वर गेलं की ते खरं धरायचं. तिकडच्या मुलीला आनंद झाला तो याचाच. मात्र समोरचा माणूस खुर्ची धरून बसलेला असताना आधी सालब्युटामॉल द्यावं, एक मिनिट थांबावं आणि मग कौतुक करावं, हे माझं मत.

स्टेरॉइडने हे का होतं? नळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. इओसिनोफिल नावाच्या पेशी तिथे ठाण मांडून असतात, अस्तर जागोजागी सोललेलं असतं. अशा नळीला जरा काही लागलं की तिचा स्नायू आवळतो. श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड ती सूज उतरवतं, मग त्याच आवळण्यासाठी जास्त मेथाकोलीन लागतं. हे एका दिवसात होत नाही. सकाळी पंप घेऊन दुपारी टेस्ट केलीत तर मेथाकोलीनच्या आकड्यात खास फरक दिसणार नाही. आठवडे लागतात, आणि पुढे कित्येक महिने आकडा हळूहळू सुधारत राहतो. बंद केलं तर काही आठवड्यांत परत खाली.

गंमत म्हणजे हे सगळं ज्या गावात शिकलं गेलं त्याच गावात तुम्ही बसलाय. दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घेत धुकं ओढायची पद्धत हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी १९७७ मध्ये मांडली, तेव्हा हिस्टामिन वापरून, तेही नळ्या आवळवतं. वर्षभर बुडेसोनाइड दिल्यावर मेथाकोलीनचा आकडा सरासरी चौपट सुधारतो, हे दाखवणारा १९९० चा अभ्यासही तिथलाच. रोज ४०० मायक्रोग्रॅम. तुमचाच डोस.

मग दम का वाढला? इथे कागद-पेन घ्या. दोन टेस्टच्या शेवटच्या पायऱ्यांची तुलना करू नका, घसरण सारखी असताना बोट कुठे होतं ते बघा. पहिल्या टेस्टला १७ टक्क्यांवर ०.५ आणि २८ टक्क्यांवर १. म्हणजे बरोबर वीस टक्क्यांवर साधारण ०.६. दुसऱ्या टेस्टला १५ वर २ आणि २३ वर ४. म्हणजे वीस टक्क्यांवर सव्वातीनच्या आसपास. थोडक्यात, तेवढंच आवळणं आता तुम्हाला पाचपट जाणवतंय. आवळणं वाढलेलं नाही. उलट ते घडवून आणायला जास्त औषध लागलं.

याची एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात आणि तुमच्यात नेमकं कुठलं हे एका रिपोर्टवरून कुणीच सांगू शकणार नाही. मला पहिलं दिसतं ते असं, की आधी तुमच्या नळ्या कायमच अर्धवट आवळलेल्या होत्या. २.३१ ही तुमची खरी फुंक नव्हतीच, कारण आता तुम्ही २.६२ फुंकताय. ज्याच्या नळ्या वर्षानुवर्षं अरुंद असतात त्याचा मेंदू तेच नेहमीचं समजायला लागतो. पुन्हा हॅमिल्टनच. १९८२ मध्ये तिथे दम्याच्या पेशंटना हिस्टामिन देऊन हाच ० ते १० चा पुठ्ठा, म्हणजे बोर्ग स्केल, समोर धरला होता. त्यात माणसामाणसात प्रचंड फरक आढळला, आणि ज्यांच्या नळ्या सुरुवातीलाच अरुंद होत्या त्यांना नव्या घसरणीचा दम कमी जाणवत होता. तुमची छाती आता मोकळी झालीय, त्यामुळे आवळलेली कळतेय.

दुसरं कारण सुजेशी जोडलेलं. इओसिनोफिलची सूज जास्त असलेल्या काही पेशंटना आवळणं कमी जाणवतं असं दिसलेलं आहे. सूज उतरली की ती जाणीव परत येऊ शकते. इथे मात्र मी छातीठोक बोलणार नाही, कारण अभ्यासांत एकमत नाही. काहींत स्टेरॉइडनंतर जाणीव वाढली, काहींत तेवढीच राहिली, आणि नळ्या कशाने आवळवल्या यावरही उत्तर बदलतं.

तिसरी गोष्ट आमच्या लोकांच्या लक्षात फारशी येत नाही. नळ्या आवळल्या की हवा आत अडकते, छाती फुगलेली राहते आणि पुढचा श्वास आत घ्यायला जागा उरत नाही. दम लागण्याचा बराचसा भाग या अडकलेल्या हवेचा असतो. एफईव्ही१ मध्ये ते सगळं दिसत नाही. म्हणून पेशंट म्हणतो "श्वास आतच जात नाही" आणि मशीन मोजत असतं बाहेर पडणारी हवा. तुम्हाला नेमकं काय झालं होतं, छाती पट्ट्याने बांधल्यासारखी, की हवा पुरत नाहीये असं?

आणि दादांना सांगा, काळजी करायचीच असेल तर पहिल्या टेस्टची करा. फुंक १.६६ वर आली आणि तुम्ही १ वर बोट ठेवून मजेत! मेलबर्नला १९७६ मध्ये ८२ दमेकऱ्यांवर हे करून बघितलं होतं. त्यांतल्या १५ टक्के लोकांना एफईव्ही१ अपेक्षेच्या निम्म्याखाली गेली तरी काही कळलं नाही. जपानात १९९४ मध्ये, दम्याने मरता मरता वाचलेल्या पेशंटची दम ओळखायची क्षमता बोथट आढळली. असे लोक आमच्याकडे साध्या स्पायरोमेट्रीलाही येतात. फुंक निम्म्यावर आलेली, ओठांचा रंग मला आवडत नाहीये, आणि काका विचारतात, "मॅडम, इथे चहा कुठे मिळतो?" मला घाम फुटतो तो अशा पेशंटपायी. खुर्ची धरून बसणारा पेशंट निदान सांगतो तरी.

मृगाचा_पाऊस, अडुळसा घ्यायचा तर घ्या, माझी आजीही द्यायची. पण "पंप लागला की सुटत नाही" हे चष्म्याबद्दल कुणी म्हणत नाही.

सातारी_मास्तरीण

फुंकणीवाली ताई, सगळं पटलं, पण माझा अनुभव बरोबर उलटा आहे. मी मुंबईत ही टेस्ट केली होती, आधी आणि फोराकॉर्ट सुरू केल्यावर. पहिल्या वेळी छाती फुटते की काय असं झालं, मी ६ सांगितलं. दुसऱ्या वेळी घसरण तेवढीच होती आणि मला जेमतेम २ वाटलं. मग माझी जाणीव बोथट झाली म्हणायची का? आता मलाच भीती वाटायला लागली.

फुंकणीवाली

मास्तरीणबाई, अजिबात नाही. ६ हा आकडा तसा मोठाच होता. काही जणांना नळ्या थोड्या आवळल्या तरी फार जाणवतं. त्यात पहिलीच टेस्ट, काय होणार याची धास्ती, त्यामुळे श्वास भराभर चालतो, आणि भराभर श्वास चालला की आत हवा आणखी अडकते. दुसऱ्या वेळी काय होणार हे माहीत असतं, खोकला कमी झालेला असतो, त्यामुळेही आकडा उतरतो. ६ वरून २ वर आलात म्हणजे तुम्ही मधल्या, बऱ्या पट्ट्यात आलात. इचलकरंजीकरीण ताईसुद्धा ०.६ वरून सव्वातीनवर, म्हणजे त्याच पट्ट्यात, फक्त खालून. वीस टक्के घसरणीला शून्य वाटणं मला नको असतं आणि आठही नको असतं.

एक मात्र तपासा. फोराकॉर्टमध्ये स्टेरॉइडबरोबर फॉर्मोटेरॉल असतं आणि ते नळ्या सरळ उघडतं. टेस्टआधी दीड दिवस बंद ठेवलं होतं ना? नसेल तर दुसरी टेस्ट मोजायलाच नको.

सातारी_मास्तरीण

हो, ३६ तास बंद ठेवायला सांगितलं होतं. त्या दोन रात्री वाईट गेल्या.

लालपरी_निवृत्त

मी नागपूरचा, एसटीत कंडक्टर होतो. मी त्या चहा मागणाऱ्या काकांपैकी. घरात पीक फ्लो मीटर आहे, फुंकेचा जोर मोजणारी प्लास्टिकची नळी, काटा सरकतो. माझा चांगला आकडा ४६०. एकदा थंडीत सहज फुंकून बघितलं तर २२०, आणि मी त्या वेळी अंगणात सायकल पुसत होतो. मुलीने गाडीत घालून नेलं, तिथे नेब्युलायझर, सलाइन, सगळं झालं. मला समजेना की एवढं काय झालंय.

तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही छातीला विचारू नका, नळीला विचारा. रोज सकाळी दात घासायच्या आधी फुंकायचं, कॅलेंडरवर लिहायचं. ३७० च्या खाली गेलं की त्यांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे पंप वाढवायचा, २३० च्या खाली गेलं की विचार न करता दवाखाना. स्टेरॉइडचा पंप चालू आहेच. माझी जाणीव त्याने काही सुधारली नाही हो, ताई, मी आजही ३०० ला गाणं म्हणू शकतो. पण आकडाच फारसा खाली जात नाही आता.

तर इचलकरंजीच्या ताईला सांगतो, तुम्हाला दम लागला हे तुमचं नशीब समजा.

मृगाचा_पाऊस

फुंकणीवाली, चष्म्याचं राहू द्या. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजतं, हे खोटं आहे का? आमच्या काकूंचं डोळ्यांदेखत झालंय.

फुंकणीवाली

खोटं नाही. पण काकूंना बहुतेक गोळ्या होत्या. दर अटॅकला पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, असंच ना? त्या पाच दिवसांचे झाले २०० मिलिग्रॅम. ताईंचा पंप दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. नुसतं वजन धरलं तर त्या एका कोर्समध्ये पंपाचे ५०० दिवस बसतात. दोन्ही औषधं वेगळी आहेत, बुडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त कडक आहे, त्यामुळे हा हिशेब काट्यावर धरू नका. तरी अंदाज येतो. शिवाय श्वासातलं औषध थेट नळ्यांत जातं आणि गिळलं गेलेलं बरंचसं यकृतात निकामी होतं. पंपाचा खरा रोजचा त्रास म्हणजे आवाज बसणं आणि तोंडात पांढरी बुरशी. म्हणून पंप घेतल्यावर गुळणी करून थुंकायचं. वर्षानुवर्षं मोठा डोस असेल तर हाडांकडे आणि डोळ्यांकडेही लक्ष ठेवावं लागतं, ते डॉक्टर बघतात. पंप नीट घेतला तर गोळ्यांचे कोर्स कमी होतात, काकूंना खरं तर तेच हवं होतं.

इचलकरंजीकरीण

बापरे, सकाळी उठून बघते तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. फुंकणीवाली ताई, कागद-पेन घेऊन नवऱ्यासमोर बसून काढलं, तुमचेच आकडे आले. तो उगाच विजयी चेहरा करून फिरतोय.

तुम्ही विचारलं होतं काय झालं होतं ते. आठवून सांगते. आधी छातीवर पट्टा आवळल्यासारखं, पुढून, इथे गळ्याच्या खाली. हवा पुरत नाही असं शेवटी शेवटी. आणि खरं सांगू, तो पट्टा मला ओळखीचा वाटला. गेल्या महिन्यात गोदामात एकदा पुठ्ठ्याची धूळ उडाली तेव्हा असाच आवळला होता, आणि मी निळा पंप घेतला होता. आधीच्या वर्षी तीच धूळ, तेच गोदाम, पण मला पट्टा वगैरे काही नव्हतं, नुसती रात्री खोकत बसायचे.

आता दोन शंका. डॉक्टर पुढच्या वर्षी परत टेस्ट करू म्हणतात. त्याआधी बुडेसोनाइड बंद करायचं का? आणि मला धुळीच्या ॲलर्जीची गोळी चालू आहे, तिचं काय?

दुसरी शंका दादाची. हे सगळं त्याला वाचून दाखवलं. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "मला पण विचार की, ती टेस्ट आपल्याकडे होते का?" तो अजून मागावरच असतो. खोकतो भरपूर. सिगारेट नाही.

फुंकणीवाली

ताई, पट्टा ही नळ्या आवळल्याची बऱ्यापैकी खास खूण, आणि धुळीला तोच पट्टा ओळखलात हे तर टेस्टपेक्षा मोलाचं. डॉक्टरांना गोदामातलं ते अवश्य सांगा, तारखेसकट.

बुडेसोनाइड बंद करू नका. पुढची टेस्ट उपचार किती लागू पडतोय हे बघायला आहे, तेव्हा ते चालूच हवं. निदानच पहिल्यांदा करायचं असेल आणि माणूस कित्येक आठवडे स्टेरॉइडवर असेल, तर टेस्ट नॉर्मल आली तरी दमा नाही असं म्हणता येत नाही, गडबड तिथे होते. तुमचं निदान आधीच झालंय. निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, सहा तास आधी थांबवतात. नळ्या जास्त वेळ उघड्या ठेवणारी औषधं असतील तर फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल ३६ तास, टायोट्रोपियम तर आठवडाभर. ॲलर्जीच्या गोळीने मेथाकोलीनला फरक पडत नाही. तरी तुमच्या लॅबच्या कागदावर जे लिहिलं असेल तेच शेवटचं. आणि सहा तासांत खरंच दम लागला तर पंप घ्या आणि टेस्ट पुढे ढकला, टेस्टसाठी कुणी जीव टांगू नये. पुढच्या वेळी गेल्यावर तिथल्या मुलीला सांगा की मला आता लवकर जाणवतं, आणि बोट जिथे असेल तिथेच ठेवा. मागच्या वेळेपेक्षा चांगलं दिसावं म्हणून आकडा कमी सांगणारे पेशंट मी भरपूर बघितलेत.

दादांसाठी मेथाकोलीनच्या मागे आत्ता लागू नका, ती आपल्याकडे ठराविक ठिकाणीच होते आणि पहिली पायरी ती नाहीच. आधी साधी स्पायरोमेट्री, सालब्युटामॉलच्या आधी आणि नंतर. कोल्हापूर-सांगलीला सहज होते. औषधानंतर एफईव्ही१ बारा टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्हीने वाढली तर दम्याकडे बोट जातं. दादांची सुरुवातीची फुंक फारच कमी निघाली तर चॅलेंज टेस्ट करतच नाहीत, ती मग धोक्याची.

आणि त्यांना एक विचारा. सुट्टीनंतर मागावर परत जातात त्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का, आणि पुढच्या दिवसांत कमी होते का? कापसाच्या धुळीचा एक वेगळा आजार असतो, त्याची ही खूण. सूतगिरणीत तो जास्त आणि मागावर कमी, पण छातीच्या डॉक्टरांना मागाचं काम किती वर्षं करताय हे आपणहून सांगायचं. ते विचारतीलच असं नाही.

इचलकरंजीकरीण

विचारलं. म्हणतो, "सोमवारी असतं थोडं, पण सोमवार कुणाला आवडतो." शनिवारी कोल्हापूरला जातोय, वहिनीने नंबर लावलाय. रिपोर्ट आला की इथे टाकते.